बद्द

उद्यमनगरात दोन लेथवाल्यांच्या मधल्या जिन्यानं
वर आलं की आमची कंपनी.
पाटी लोखंडी आहे, कारण खालच्यानं फुकट कापून दिली.
सहा टेबलं, आणि एक एसी
जो खाली वेल्डिंग सुरू झालं की खोकून बंद पडतो.

आम्ही काय करतो, हे आईला तीनदा सांगितलं.
चौथ्यांदा ती कुंभारगल्लीत माठ ठोकून बघत होती.
म्हटलं, हेच.
माठाऐवजी ट्रॅक्टरचा पार्ट,
तुझ्या बोटाऐवजी माईक.
"मग एवढ्याला कंपनी कशाला लागतीया?"
म्हणाली, आणि तो माठ परत ठेवला.

शिरोलीत, शांतिनाथ चौगुल्यांच्या फाउंड्रीत
तातोबा मिस्त्री एकतीस वर्षं
निवलेल्या कास्टिंगवर हातोडी मारतात
आणि मान जराशी कलती करून ऐकतात.
खणखणीत.
खणखणीत.
खणखणीत.
"ही बद्द. काढा बाजूला."

अस्मा मुजावरनं कानाला हेडफोन लावून
त्यांचे बारा हजार ठोके गोळा केले.
भट्टीची घरघर, भोंगा, कुणाची तरी शिवी
सगळं गाळत गाळत.
तिच्या लग्नात म्हणे ताशा वाजताना
ती मधेच म्हणाली, तिसरा बद्द आहे.
बारा हजार ठोक्यांचे आम्ही तातोबांना
एक स्वेटर दिला. आणि पेढे.

मग प्रणील हिंजवडीला गेला. तिप्पट पगार.
जाताना रडला, खरंच रडला,
आणि चार्जर घेऊन गेला, कंपनीचा.
चौगुल्यांचा चेक दिवाळीचा म्हणून निघाला
तो गुढीपाडव्याला पोचला.
तोवर भाडं माझ्या बायकोनं भरलं,
जिचं नाव पाटीवर नाही.

पुराच्या आठवड्यात हायवे बंद.
आम्ही अलीकडे, फाउंड्री पलीकडे, मधे पंचगंगा.
तातोबा चिखलीत अडकलेले,
म्हशी घेऊन शाळेच्या गच्चीवर.
पलीकडे राहणाऱ्या चौघांवर एक शिफ्ट चालली
आणि पहिल्यांदाच
मशीन एकटं ऐकत बसलं.
सहाशे चाळीस नग. हिरवा, हिरवा, लाल, हिरवा.
आम्ही स्क्रीनकडे बघत होतो,
नदीकडे बघायचं ते.

पाणी उतरल्यावर तातोबा आले.
कुणी सांगितलं नव्हतं,
तरी सकाळपासून सगळा लॉट पुन्हा ठोकला.
दोन नगांवर बिनसलं.
दोन्ही करवतीखाली घातले.
एकात पोकळी निघाली, बाजरीच्या दाण्याएवढी:
तातोबा बरोबर.
दुसऱ्यातही निघाली,
आणि तो त्यांनी पास केला होता.

ते बराच वेळ त्या कापल्या तोंडावरून
अंगठा फिरवत राहिले.
"डाव्या कानानं दोन वर्सं झाली कमी ऐकू येतंय,"
म्हणाले. "शेटला सांगू नका.
आनि त्या पैल्याचा ठोका घ्या लिवून,
त्येला शिकवा. चुकलंय त्ये."

पुढच्या महिन्यात पुण्यात, काचेच्या खोलीत
एक भला माणूस म्हणाला,
सगळं आवडलं. फक्त कोल्हापूर...
म्हणजे शिफ्ट कधी होताय?
मी म्हटलं, माल तिथं ओततात.
तो हसला. मग विचारलं,
हा कान, म्हणजे हा डेटा, संपूर्ण तुमचाच ना?
मालकीचा काही प्रश्न?

शेअरच्या तक्त्यात पाच ओळी आहेत.
अस्मा, मी, प्रणीलचा उरलेला तुकडा,
सासऱ्यांचे चार टक्के, राखीव.

"पूर्ण आमचाच," मी म्हणालो.
आवाज स्वच्छ होता, हात स्थिर.
त्यानं मान डोलावून लिहून घेतलं.
त्याला ऐकू आलं नाही.

परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत
मी अस्माशी काही बोललो नाही.
तिनं हेडफोन काढून ठेवले होते.
मग तीच म्हणाली,
सहावी ओळ घालायला
किती वेळ लागतो रे?